चिरमूच्या नाकातनं रक्त आलं तेव्हा

गुरुवारची रात्र, साडेनऊ वाजून गेलेले, मी ओटा पुसत होते आणि बाहेरच्या खोलीतनं आत्तींची हाक आली, "अगं हिकडं ये लवकर, ह्येच्या नाकातनं रक्त यायलंय की गं!" आमच्या निपाणीकडं सासूला आत्तीच म्हणतात. आत्ती कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळं मी फडकं हातात तसंच घेऊन धावले.

पिंजऱ्यात खाली आम्ही पेपर घालतो. त्या पेपरवर लाल ठिपके, मोहरीएवढे, काही ठिकाणी पसरून डाळीएवढे झालेले. चिरमू, आमचा गिनी पिग, कोपऱ्यात पाठ काढून बसला होता आणि पुढच्या दोन पायांनी तोंड पुसत होता, मांजर पुसतं ना तसं, आणि पुसलं की पाय लाल, परत पुसलं की परत लाल. मग एकदम शिंकला, फिस्स करून, आणि पिंजऱ्याच्या पांढऱ्या कडेवर बारीक लाल शिंतोडे उडाले. पाऊण किलोचा जीव तो, त्याच्या अंगात रक्त असून असून असणार तरी किती, एवढंच डोक्यात आलं आणि हातपाय गार पडले.

चिरमूचं पूर्ण नाव चिरमुरे, माझ्या मुलीनं, अनूनं ठेवलेलं. पांढरा आहे आणि पाठीवर फोडणी बसल्यासारखा एक पिवळसर-तपकिरी पट्टा. अनूच्या वाढदिवसाला तिच्या बाबांनी कोल्हापुरातनं आणला, त्या रात्रीपर्यंत त्याला घरी येऊन सात महिने झालेले. ते स्वतः पुण्याला नोकरीला, पंधरा दिवसांनी येतात, म्हणजे घरात मी, आत्ती, सहावीतली अनू आणि हा. गल्लीतली माणसं अजून विचारतात ससा हाय का उंदीर हाय, मी सांगते दोन्ही नाही, आणि डुक्कर तर नाहीच, आणि गिनी देशातला पण नाही. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वत आहे, पेरू-बोलिव्हियाकडं, तिथली माणसं हजारो वर्षांपासनं हा प्राणी घरात पाळतात. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला तीन. फ्रीजचं दार उघडलं की वीक वीक वीक करून घर डोक्यावर घेतो, कोथिंबिरीची पिशवी वाजली तरी ओळखतो. त्या रात्री मी मुद्दाम फ्रीज उघडला. आवाज नाही.

अनू झोपेतनं उठून आली आणि पिंजरा बघून रडायला लागली, आणि रडता रडता आजीकडं वळून म्हणाली, "तुझ्या तंबाखूमुळं झालंय हे."

इथं थोडं सांगायला हवं. निपाणी म्हणजे कर्नाटकातलं, सीमेवरचं, तंबाखूचं गाव. वखारींच्या बाजूनं गेलं की आजही नाकात खाट बसतो, बाहेरनं आलेला पाहुणा पहिल्या दिवशी शिंकून हैराण होतो, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. आत्ती लग्न होऊन आल्या तेव्हापासनं विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात जर्दा, कातरलेली तेंदूची पानं ओल्या फडक्यात, आणि दोऱ्याचा डबा. आता वयामुळं कमी केलंय पण सोडलेलं नाही, सोडा म्हटलं तर म्हणतात हात रिकामे ऱ्हायले की डोकं चालायला लागतं. तर त्या बाहेरच्याच खोलीत खिडकीपाशी बसतात आणि त्यांच्यापासनं चार हातांवर चिरमूचा पिंजरा.

अनू बोलली आणि मी तिला गप्प केलं नाही. हे मला लिहायचंच होतं, बाकी सगळं त्याच्याभोवतीचं आहे. मी तिला गप्प केलं नाही कारण मलाही तेच वाटलं होतं. उलट मी म्हणाले, "आत्ती, थोडे दिवस तुम्ही मागं बसा, धुरळा उडतोय त्याला बाधत असंल." आत्ती काही बोलल्या नाहीत. सूप उचललं, डबा उचलला, मागच्या पडवीत नेऊन ठेवला. डिसेंबरातला गारठा होता, पडवीला नुसती जाळी. परत आल्या आणि चिरमूच्या पिंजऱ्यापाशी खाली बसल्या, त्याला हात मात्र लावला नाही, स्वतःचे हात पदराला पुसत राहिल्या.

मग आमची ती रात्र. पहिल्यांदा मी कापूस घेतला, माणसाच्या नाकातनं रक्त आलं की आपण कापूस घालतो ना, लहानपणी मला उन्हात घोळणा फुटला की आई डोक्यावर पाणी मारायची आणि कापूस लावायची. कापूस हातात घेतला आणि काय वाटलं कुणास ठाऊक, आधी नवऱ्याला फोन केला, त्यांनी तिकडनं वाचून सांगितलं की कापूस अजिबात घालू नकोस, गिनी पिग फक्त नाकानंच श्वास घेतो, त्याला आपल्यासारखं तोंडानं श्वास घेणं जमत नाही म्हटलं तरी चालेल, नाक बुजलं तर गुदमरेल. एवढंसं ते नाक, मी त्यात कापसाचा बोळा कोंबणार होते. अजूनही ते आठवलं की अंगावर काटा येतो.

डोकं मागं करून धरायचं नाही, रक्त घशात उतरतं. उताणं करायचं नाही. घट्ट धरून ठेवायचं नाही, भ्याला की रक्तदाब वाढतो आणि रक्त जास्त येतं. टॉवेलमध्ये सैल गुंडाळून पोटावर बसवायचं, अंधार करायचा, आवाज बंद. नाकाबाहेर आलेलं तेवढं ओल्या मऊ कापडानं टिपायचं, आत काही घालायचं नाही. एवढं केलं आणि टीव्ही बंद, लाइट बंद, आम्ही तिघी अंधारात बसलो. वीसेक मिनिटांत थेंब थांबले. मोबाईलचा उजेड ओढणीआडनं टाकून बघितलं तर उजव्या नाकपुडीखाली सुकलेली काळपट रेघ, डावीकडं काही नाही. हे उजवं-डावं मी तेव्हा नुसतं बघितलं, त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला.

अजून एक गोष्ट त्या रात्री घडता घडता राहिली. अनूला मागच्या महिन्यात घसा धरला होता तेव्हाचं अमॉक्सिसिलिनचं सिरप फ्रीजमध्ये शिल्लक होतं. रात्री दहा वाजता एका मेडिकलवाल्याला फोन करून विचारलं, तो म्हणाला लहान मुलांचं आहे ना, द्या अर्धा एमएल, काय होत नाही. मी ड्रॉपरमध्ये औषध भरलंसुद्धा. पण चिरमू तोंड उघडेना, दात आवळून बसला, आणि मला वाटलं आत्ता नको त्रास द्यायला, सकाळी डॉक्टरांना विचारून देऊ. ड्रॉपर तसाच वाटीत ठेवला.

सकाळी पतसंस्थेत रजा टाकली आणि सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथं म्हशी, बैल, एक शेळी दोन करडांसकट, आणि मी भाकरीच्या बुट्टीत टॉवेल घालून चिरमूला घेऊन. डॉक्टर विजापूरकडचे, तरुण आहेत, मराठी येतं पण घाई झाली की कन्नडच येतं. बुट्टीत बघून म्हणाले, "एनाग्येत्री?" मी सांगितलं नाकातनं रक्त. मला वाटलं होतं हसतील किंवा म्हणतील हे आमचं काम नाही. ते स्टूल ओढून बसले. म्हणाले कॉलेजात लॅबमध्ये बघितलेत, घरात पाळलेला पहिल्यांदाच बघतोय, पण बघू या.

आणि मग त्यांनी जे प्रश्न विचारले ते मी नंतर वहीत लिहून ठेवले, कारण त्या अर्ध्या तासात मला कळलं की मी सात महिने त्याला खायला घालत होते, पण तो काय प्राणी आहे याचा पत्ता मला नव्हता.

रक्त एका बाजूनं का दोन्ही? एका म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. एकाच नाकपुडीतनं येत असेल तर बहुतेक वेळा तिथलंच काहीतरी असतं, मार लागलेला, आत काही अडकलेलं, किंवा वरच्या दाढेचं मूळ सुजून नाकाकडं गेलेलं, कारण याचे दात जन्मभर वाढत असतात. दोन्हीकडनं आलं तर मग फुप्फुसाचा संसर्ग, नाहीतर रक्त गोठण्यातच काही बिघाड.

घरात उंदराचं औषध ठेवलंय का? हा प्रश्न ऐकून मी गारच झाले. आमच्या घरात नाही पण शेजारी वखार आहे, तिथं ते निळे-हिरवे वड्यांचे तुकडे टाकतात. डॉक्टर म्हणाले त्यातली बरीच औषधं रक्त गोठू न देणारी असतात, खाल्ल्यावर लगेच काही दिसत नाही, दोन-चार दिवसांनी नाकातनं, हिरड्यातनं, लघवीतनं रक्त सुरू होतं, आणि त्याला व्हिटॅमिन के द्यावं लागतं. चिरमू पिंजऱ्याबाहेर फक्त आमच्या खोलीत फिरतो, तरी त्यांनी त्याच्या पोटावरचे केस फुंकर मारून बाजूला केले आणि कातडीवर निळे डाग आहेत का बघितलं. नव्हते. हिरड्या बघितल्या, मागच्या पायांचे सांधे हळू दाबून बघितले.

हिरड्या आणि सांधे कशाला, तर व्हिटॅमिन सी. माणसासारखंच गिनी पिगच्या शरीरातही हे जीवनसत्त्व तयार होत नाही, कुत्र्याच्या होतं, गाईच्या होतं, उंदराच्याही होतं, याच्या नाही. किलोला रोज 10 ते 30 मिलिग्रॅम पोटात जायला हवं, आजारी असेल तर जास्तच. नाही गेलं तर स्कर्व्ही, सांधे सुजतात, हिरड्यातनं रक्त येतं, बारीक रक्तवाहिन्या फुटतात. दुकानातलं दाणेदार खाद्य उघडून दोन-तीन महिने झाले की त्यातलं सी उडून जातं, आणि आमची पिशवी वाढदिवसापासनंची होती. पाण्यात गोळी विरघळवून ठेवली तर तेही टिकत नाही. "ढबू मिरची हाकरी," डॉक्टर म्हणाले. ढबू मिरची घाला, कोथिंबीर घाला, पेरूची फोड.

हे मी नंतर रात्री बसून वाचलं आणि मला फार बरं वाटलं वाचताना, का ते सांगता येत नाही. नॉर्वेत 1907 साली अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख नावाचे दोघं खलाशांच्या बेरीबेरीचा अभ्यास करत होते, त्यासाठी त्यांनी गिनी पिगना नुसतं धान्य खायला घातलं, आणि झालं भलतंच, त्यांना स्कर्व्ही झाला. माणूस सोडून दुसऱ्या प्राण्याला हा रोग होतो हे असं कळलं आणि मग पुढची सगळी शोधाशोध याच प्राण्यावर झाली. शेवटी हंगेरीतल्या सेगेद गावात अल्बर्ट सेंट-जॉर्जीनं तिथल्या पॅप्रिका मिरचीतनं भरपूर सी वेगळं काढलं, 1937 साली त्याला नोबेल मिळालं. म्हणजे मिरचीच. आज डॉक्टर लिंबू-संत्रं खा सांगतात त्यामागं चिरमूच्या जातभाईंचे किती जीव गेलेत, आणि तो माझ्या मांडीवर ढबू मिरचीचा तुकडा दोन पायांमध्ये दाबून खातो तेव्हा मला ते आठवतं आता.

निघताना मी सिरपचं विचारलं. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "कोडबेड्री," म्हणाले, मग मराठीत, "पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन तोंडातनं याला कधी द्यायचं नाही." याच्या आतड्यातले चांगले जंतू त्यानं मरतात, वाईट जंतू माजतात, त्यांचं विष रक्तात भिनतं आणि जुलाब लागून चार-पाच दिवसांत जनावर जातं. माणसाच्या पोराला जे औषध आहे ते याला विष. घरी येऊन मी वाटीतला ड्रॉपर बेसिनमध्ये ओतला आणि नळ सोडून तिथंच उभी राहिले.

डॉक्टरांचं म्हणणं होतं आत काहीतरी अडकलंय, पण एवढ्या बारीक नाकात बघायचं साधन त्यांच्याकडं नव्हतं. कोल्हापुरात छोट्या प्राण्यांचे डॉक्टर आहेत तिकडं न्या, उशीर करू नका, पण आज रक्त थांबलंय, खातोय, तर घाबरू पण नका. "अंजबेड्री." आणि रोज वजन करा.

वजनाचं हे मला आधी माहीतच नव्हतं. हा प्राणी दुखणं लपवतो. रानात जो दुबळा दिसतो त्याला आधी उचललं जातं, म्हणून शेवटपर्यंत काही झालंच नाही असं दाखवत बसतो, आणि आपल्याला दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. काटा मात्र खरं सांगतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पातेलं ठेवून त्यात चिरमूला बसवलं, शुक्रवारी 742 ग्रॅम. शनिवारी 731. रविवारी 709. रविवारी दुपारी परत शिंका सुरू झाल्या आणि परत रक्त, या वेळी थेंब नाही, धारच लागली थोडा वेळ, आणि तो डोकं एका बाजूला झटकत होता सारखं, कानात पाणी गेल्यावर आपण झटकतो तसं.

तीन दिवस आत्ती पडवीत. जेवायला आत यायच्या, हात साबणानं दोनदा धुवायच्या, चिरमूच्या खोलीत पाऊल टाकायच्या नाहीत, दारातनं विचारायच्या, "खाल्लं का गं त्येनं?" शनिवारी रात्री पाणी प्यायला उठले तर पडवीत लाइट होता, आत्ती शाल गुंडाळून बसलेल्या, पुढ्यात सूप, पण वळत नव्हत्या. मी म्हटलं झोपा की आता. म्हणाल्या, "एवढी वर्सं ह्या जर्द्यावर पोरं वाढवली. त्येंना कुणालाच काय झालं न्हाई बघ." मला तेव्हाच जवळ बसायला हवं होतं. मी हूं म्हणून आत आले.

सोमवारी निघायचं ठरलं. निपाणी ते कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, एरवी स्टँडवर गेलं की लालपरी नाहीतर आपली कर्नाटकाची गाडी, तासाभराचा रस्ता. पण तो नेमका बेळगावात सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन सुरू व्हायचा दिवस. त्या दिवशी काय असतं हे सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको, मराठी माणसांचा मेळावा, महाराष्ट्रातनं येणारे नेते अडवायला सीमेवर कोगनोळीला बंदोबस्त, आणि गाड्या बंद. या सीमाप्रश्नावर आमच्या घरातलं दोन पिढ्यांचं आयुष्य गेलंय, सासरे सत्याग्रहात जाऊन आलेले, त्याबद्दल मला जे वाटतं ते वेगळं कधीतरी लिहीन. पण त्या सकाळी माझ्या डोक्यात फक्त 709 हा आकडा होता.

शेजारच्या वखारीतला टेम्पो कागलला निघाला होता, त्यात बसले, मांडीवर बुट्टी. कोगनोळीला रांग. पोलिसानं काच वाजवली, बुट्टीकडं बोट केलं. "एनैत्री इदराग?" यात काय आहे म्हणून. मी टॉवेल बाजूला केला. "दवाखानिगे होंटीवि री, मूगिनाग रक्त बराकत्तैती." दवाखान्याला निघालोय, नाकातनं रक्त येतंय, असं सांगितलं. त्यानं वाकून बघितलं, चिरमूनं वर बघितलं, नाकाखाली लाल. पोलीस काही न बोलता मागं झाला आणि पुढच्याला हात करून गाडी सोडायला सांगितली. दूधगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्र. कागलमधनं दुसरी गाडी धरून कोल्हापूर गाठलं.

तिथल्या डॉक्टर बाईंनी वजन केलं, 698, आणि त्या वजनावर हिशोब करून गुंगीचं बारीक इंजेक्शन दिलं. मला म्हणाल्या बाहेर थांबायचं का, मी म्हटलं नको. कान बघायचं यंत्र असतं ना, पुढं नळी आणि दिवा, तेच त्यांनी नाकाला लावलं. बराच वेळ गेला. मग अगदी पातळ टोकाचा चिमटा घेतला, आत घातला, श्वास धरून एकदा ओढला आणि सुटलं, परत धरलं. आणि हळूच बाहेर काढून पांढऱ्या गॉजवर ठेवलं.

कुसळ. तपकिरी, सुईसारखं टोक, टोकापाशी बारीक उलटे केस, आणि मागं वाकडी काळपट शेपटी. अर्धी तुटलेली.

मी वाकून बघत होते आणि ते हललं. खरंच हललं. ओलं होतं तोवर शेपटी सरळ होती, दिव्याच्या उबेला सुकायला लागली तशी आपल्या आपणच पीळ घ्यायला लागली, दोरीला पीळ भरतो तशी हळूहळू फिरली आणि गॉजचा एक धागा तिनं सोबत ओढून घेतला. डॉक्टर बाई म्हणाल्या कुसळी गवताचं बी असंच असतं, दमट झालं की पीळ सुटतो, कोरडं झालं की परत भरतो, त्या फिरण्यानंच ते जमिनीत स्वतःला रुजवून घेतं. उलट्या केसांमुळं पुढं जातं, मागं येत नाही. जमिनीत जातं तसं मेंढ्यांच्या कातडीतही जातं. आणि नाकात तर सारखी ओल आणि सारखा वारा.

ते गवत मी आणलं होतं.

माझं माहेर कागल तालुक्यात. दिवाळीला गेले तेव्हा भावानं माळावरचं गवत कापून वाळवलेलं, गिनी पिगला वाळलं गवत भरपूर लागतं, दिवसभर चावत बसायला, त्यानंच दात झिजतात आणि पोट चालतं, पाकिटातलं गवत महाग पडतं, म्हणून मी पोतं भरून घेऊन आले, माझ्या माहेरच्या माळाचं, इतक्या कौतुकानं. आमच्या माळावर कुसळी गवतच जास्त. लहानपणी त्या माळावरनं पळालं की परकराला शेकड्यानं कुसळं चिकटायची आणि संध्याकाळी आई आणि मी उंबऱ्यावर बसून एकेक उपटायचो. परकराची कुसळं मला आठवतात, पेंढी चिरमूसमोर सोडताना आठवली नाहीत.

मी विचारलं तंबाखूमुळं काही झालंय का. त्या म्हणाल्या तंबाखूची धूळ याच्या फुप्फुसाला वाईटच, पिंजरा लांब ठेवा, पण हे रक्त तंबाखूचं नाही. दाढा बघितल्या, ठीक होत्या. चालणारं अँटिबायोटिक दिलं, एन्रोफ्लॉक्सासिन, थेंब मोजून, आणि दुखण्याचं औषध. आणि बजावलं की गुंगी उतरल्यावर खायला लागला पाहिजे, याचं पोट सारखं चालतं राहावं लागतं, खाणं बंद पडून बारा तास गेले तरी धोका, नाही खाल्लं तर खाद्य भिजवून पातळ करून सिरिंजनं गालाच्या कडेनं भरवा, एका वेळी थोडं थोडं. कुसळ मी कागदात बांधून मागून घेतलं.

येताना गाड्या सुरू झाल्या होत्या. घरी पोचले तर सहा वाजलेले, अनू दारात. मी आधी पडवीत गेले. आत्तींपुढं कागद उघडला आणि म्हणाले, "आत्ती, हे होतं नाकात. मी आणलेल्या गवतातलं. तुमच्या तंबाखूचं काय नव्हतं." त्यांनी चष्मा लावला, कुसळ बोटावर घेतलं, उलटसुलट करून बघितलं. बराच वेळ बघितलं. मी म्हटलं मला माफ करा. अनूही येऊन मागं उभी होती, ती आजीच्या पाठीला चिकटली आणि तिथंच तोंड लपवून रडली.

आत्ती म्हणाल्या, "दुखलं असंल गं त्येला." एवढंच.

रात्री दर दोन तासांनी भरवलं. पहिल्या वेळी त्यानं सगळं बाहेर काढलं, दुसऱ्या वेळी गिळलं. पहाटे चारला आत्तीनं मला झोपायला लावलं आणि स्वतः बसल्या. साडेपाचला मला जाग आली ती आवाजानं, बारीक, बसलेला, पण तोच, वीक, वीक, आणि आत्ती फ्रीजचं दार धरून उभ्या, हातात कोथिंबीर.

मंगळवारी 701. शुक्रवारी 733. आता साडेआठशेच्या पुढं आहे.

पिंजरा मी माझ्या खोलीत हलवला. आत्तींचं सूप आणि डबा मीच उचलून पडवीतनं परत खिडकीपाशी आणून ठेवला, त्यांच्या जागी. गवताचं पोतं शेजारच्या म्हशीला दिलं. चिरमूला आता पाकिटातलं गवत, आणि त्याच्याबरोबर रोज ताजी हरळी, गणपतीला वाहतो तीच, धुऊन. ती हरळी निवडायचं काम आत्तीनं स्वतःकडं घेतलंय. दुपारी विड्या झाल्या की हात धुऊन बसतात, जुडी सोडतात आणि एकेक काडी अंगठा आणि बोटाच्या मधनं सोडतात, तेंदूच्या पानाची शीर चाचपतात तसं, बघायची पण गरज लागत नाही त्यांना. काही टोचलं की काढून दोऱ्याच्या जुन्या डब्यात टाकतात. चुलीत टाका म्हटलं तर नको म्हणतात, अनूला ओळखायला शिकवायचंय म्हणे. काल अनू त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली होती, डोळे मिटून, हातात हरळीची काडी, आणि आत्ती सांगत होत्या, "हळू. दाबू नकोस. नुसतं सरकू दे."